गेन, सॅम्पल, बफर, मिडी: भजन रेकॉर्ड करताना अडणारे शब्द

चतुर्थी जवळ आली की आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या प्रत्येक भजन मंडळाला एकदा तरी वाटतंच की यंदा आपलं भजन नीट रेकॉर्ड करूया, मोबाईलवरचं ते फाटकं रेकॉर्डिंग आता पुरे. मग मुंबईहून येणारा कोणीतरी पोरगा एक ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं खोकं) आणि माइक घेऊन येतो, माजघरात लॅपटॉप उघडतो आणि सॉफ्टवेअर पहिल्याच खिडकीत विचारतं, सॅम्पल रेट किती, बिट डेप्थ किती, बफर किती, ड्रायव्हर कुठला. बुवा पेटी घेऊन बसलेत, पखवाजाला कणीक लावून झालीय, आणि पोरगा स्क्रीनकडे बघत गप्प.

मी काही वर्षं आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या मंडळांचं रेकॉर्डिंग करतोय, हे शब्द कुठल्या कोर्समध्ये नाही तर अडत अडत शिकलो, म्हणून तेव्हा मला कोणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहून ठेवतोय. एकच गोष्ट धरून वाचा. बुवांच्या गळ्यातून निघालेला आवाज मोबाईलच्या स्पीकरपर्यंत जातो ती एक वाट आहे आणि यातला जवळजवळ प्रत्येक शब्द त्या वाटेवरच्या एका ठिकाणाचा आहे. शब्द अडला की पाठ करायला जाऊ नका, तो वाटेवर कुठे बसतो तेवढं आधी विचारा.

पहिलं ठिकाण माइक. हवेतली थरथर विजेत बदलायची, एवढंच त्याचं काम. यात दोन जाती रोज भेटतात. डायनॅमिक म्हणजे स्टेजवरचा दणकट माइक, शुअरचा एसएम ५८ बहुतेकांनी हातात धरलेला असतो, तो १९६६ पासून बाजारात आहे. कंडेन्सर जास्त नाजूक आणि जास्त तिखट कानाचा, झांजेची किणकिण, बुवांनी आलापाआधी घेतलेला श्वास, सगळं पकडतो, पण त्याला चालायला वीज लागते. ती ४८ व्होल्टची वीज माइकच्याच केबलमधून वर चढते, तिला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर लावलाय आणि काहीच ऐकू येत नाहीये तर आधी इंटरफेसवरचं अठ्ठेचाळीस लिहिलेलं बटण दाबलंय का बघा, बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं. माइकच्या खोक्यावर कार्डिऑइड असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्याचा ऐकायचा पट्टा हृदयाच्या आकाराचा आहे, समोरचं नीट ऐकतो, बाजूचं कमी, पाठीमागचं जवळजवळ नाहीच. याचा उपयोग असा की बुवांच्या माइकची पाठ पखवाजाकडे येईल अशी बैठक लावायची, मग पखवाज बुवांच्या माइकमध्ये कमी शिरतो आणि नंतर दोघांचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करता येतात.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कंडेन्सर माइक चरचर, फटफट असे आवाज करायला लागतो, आणि लोक समजतात माइक बिघडला. आत ओल गेलेली असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात माइक ठेवत जा, मी तसाच ठेवतो आणि भजनाच्या वेळेलाच बाहेर काढतो.

आता गेन, आणि इथे जरा थांबूया, कारण रेकॉर्डिंग खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. माइकमधून येणारी वीज अगदी बारीक असते, ती मोठी करणारा भाग म्हणजे प्रीअँप, आणि किती मोठी करायची ते ठरवणारं बटण म्हणजे गेन. गेन आणि व्हॉल्यूम एक नव्हेत. गेन आवाज आत घेतानाचा, व्हॉल्यूम ऐकतानाचा. आत घेतानाच फाटलेला आवाज नंतर व्हॉल्यूम कमी करून सुधारत नाही, तो फक्त हळू आवाजात फाटलेला ऐकू येतो.

फाटतो म्हणजे नेमकं काय होतं? डिजिटल मीटरवर सगळे आकडे उणे असतात, उणे ४०, उणे १२, उणे ६ असे, आणि सगळ्यात वर शून्य. या मोजमापाला डीबीएफएस म्हणतात, त्यातलं डीबी म्हणजे डेसिबल हे आवाजाचं माप आणि एफएस म्हणजे फुल स्केल, पट्टी इथे संपली. रेकॉर्ड करताना शून्याच्या वर लिहायला आकडाच शिल्लक नसतो, म्हणून लाट त्याच्या वर गेली की कोयत्याने शहाळ्याचं तोंड छाटावं तसा तिचा माथा सपाट छाटला जातो. यालाच क्लिपिंग म्हणायचं. स्क्रीनवर लाट मोठी करून बघितलीत तर तो सपाट माथा डोळ्याला दिसतो.

पहिल्या वर्षी मी अभंग संथ चालला होता तेव्हा गेन लावला. माथे उणे ६ पर्यंत जात होते, चित्र छान दिसत होतं. मग गजर सुरू झाला, झांजा, चकवा, पखवाज, वर दहा-बारा जणांचा कोरस, आणि सगळा गजर फाटला. बुवांनी हेडफोन लावून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "आवाज फाटलो रे." त्या रात्रीसारखा गजर परत लागला नाही, अजून रुखरुख आहे. तेव्हापासून मी मंडळाला आधी सगळ्यात जोराचा गजर दोन मिनिटं म्हणायला लावतो आणि त्याचे माथे उणे १२ ते उणे ८ च्या मधे राहतील इतकाच गेन ठेवतो. गाताना माणूस रंगात आला की चाचणीपेक्षा जोरात गातोच, त्याच्यासाठी वर जागा ठेवायची, तिला हेडरूम म्हणतात. डीबी हे माप जरा वेगळं चालतं हेही ध्यानात ठेवा, ६ डीबी वाढले की लाटेची उंची दुप्पट होते, पण कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डीबी लागतात.

मग गेन अगदीच कमी ठेवला तर काय बिघडलं? इथे नॉइज फ्लोअर हा शब्द येतो आणि समुद्राजवळ राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. देवबागला किंवा तारकर्लीला रात्री घरात बसलात तर गाज ऐकू येते, ती दिवसाही असतेच, पण बाकीचे आवाज वर असल्यामुळे कळत नाही. प्रत्येक यंत्राला अशी स्वतःची एक गाज असते, बारीक सूंऽऽ असा आवाज, तोच नॉइज फ्लोअर. गेन फार कमी ठेवून रेकॉर्ड केलंत आणि नंतर आवाज वाढवलात तर बुवांबरोबर ती गाजही वाढते. म्हणून गाजेच्या भरपूर वर आणि शून्याच्या पुरेसं खाली, या मधल्या पट्ट्यात आवाज बसवायचा. या पट्ट्याची उंची म्हणजे डायनॅमिक रेंज.

आणि बिट डेप्थ इथेच येते. कॉम्प्युटर लाटेची उंची मोजतो, तर मोजायच्या पट्टीवर खुणा किती? १६ बिटला ६५,५३६ खुणा, २४ बिटला १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एका बिटला साधारण ६ डीबी धरा, म्हणजे १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४ डीबीची रेंज मिळते, हे कागदावर, प्रत्यक्षात इंटरफेसच्या स्वतःच्या गाजेमुळे १४४ पुरे मिळत नाहीत. तरी रेकॉर्डिंग २४ बिटवरच करा, कारण मग गेन निर्धास्तपणे कमी ठेवता येतो, वर सांगितलेले उणे १२ त्याच हिशोबाने आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट फ्लोट असंही दिसेल, त्यात सॉफ्टवेअरच्या आत आवाज शून्याच्या वर गेला तरी परत खाली आणता येतो, पण माइकच्या प्रीअँपमध्ये जे आधीच फाटलं ते त्यानेही जुळत नाही. शेवटी २४ चं १६ बिट करताना डिदर असा पर्याय येतो, तो चालू ठेवा. अगदी बारीक नॉइज मिसळून आकडे गोल करताना येणारी खरखर तो झाकतो. एकदाच करायचं, सगळ्यात शेवटी.

सॅम्पल रेट. बिट डेप्थ ही उंचीची पट्टी, तर सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती वेळा ती पट्टी लावून बघितली. ४४,१०० म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा. इतक्या वेळा कशाला? माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती थरथरी) ऐकतो, आणि हॅरी नायक्विस्टच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅननच्या १९४९ च्या कामातून आलेला नियम असा की जेवढा वरचा सूर पकडायचा त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजायला हवं. २०,००० ची दुप्पट ४०,०००, वर थोडी मोकळीक. पण ४४,१०० हा असा विचित्र आकडा का हे मला खूप दिवस छळत होतं, तर त्याचं मूळ व्हिडिओ टेपमध्ये आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर चित्राच्या ओळींमध्ये साठवायचे, सेकंदाला ६० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धं चित्र), प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ सॅम्पल, करा गुणाकार, ४४,१०० येतात. १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.

दुपटीपेक्षा कमी वेळा मोजलं तर काय होतं हे तुम्ही डोळ्याने बघितलेलं आहे. धावत्या एसटीचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, चाकं उलटी फिरताना दिसतात, कारण कॅमेरा पुरेशा वेळा बघत नाही. आवाजातही तेच, ३०,००० हर्ट्झचा आवाज ४४,१०० ने मोजला तर तो १४,१०० हर्ट्झचा भलताच सूर बनून खाली उतरतो. यालाच एलिएसिंग म्हणतात. झांजेच्या आवाजात २०,००० च्या वरचाही भाग असतो, म्हणजे हे नुसतं पुस्तकातलं नाही, पण इंटरफेसमध्ये मोजण्याआधीच तो वरचा भाग गाळणारा फिल्टर बसवलेला असतो, त्यामुळे तुम्हाला वेगळं काही करायचं नाही.

तर मग काय निवडायचं? भजनाचा व्हिडिओ बनणार असेल तर ४८,०००, नुसता ऑडिओ असेल तर ४४,१००. ९६,००० वर रेकॉर्ड करा म्हणून सांगणारे भेटतील, माझ्या मते आपल्या कामाला त्याची गरज नाही, फाइल दुप्पट होते आणि जुना लॅपटॉप धापा टाकायला लागतो. मात्र एकदा जो रेट धरला तो प्रोजेक्टमध्ये आणि इंटरफेसवर सारखा आहे ना ते बघा. ४४,१०० ची फाइल न बदलता ४८,००० ने वाजली तर ती वेगाने पळते आणि जवळजवळ दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर) वर चढते, म्हणजे बुवांचा काळी एकचा सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो. "माझो सूर चढलो कसो?" असं कोणी विचारलं तर पहिली शंका यावरच घ्या.

जागेचा हिशोब पण करून ठेवा. २४ बिट, ४८,०००, एक माइक, म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. चार माइक लावून दोन तास भजन झालं तर ४ जीबीच्या वर. आधी डिस्क मोकळी करा, मध्येच गौळण चालू असताना जागा संपली तर ते भजन गेलं.

इथेच एक घोळ मिटवून टाकतो. सॅम्पल या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आत्ता सांगितला तो, एक मोजणी, सेकंदाच्या ४४,१०० व्या भागाची. दुसरा म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा, पखवाजाचा एक "धा", ढोलकीची एक थाप, शिमग्याच्या ढोलाचा एक ठोका, जो नवीन गाण्यात परत वापरता येतो. सॅम्पल पॅक, सॅम्पलर, सॅम्पल लायब्ररी यात हा दुसरा अर्थ असतो. सॅम्पल रेटमध्ये पहिला. नवीन शिकणारे सगळ्यात जास्त इथे गोंधळतात आणि त्यात त्यांची चूक नाही, शब्द एकच आहे.

पुढचं ठिकाण बफर आणि लेटन्सी. बुवांनी हेडफोन लावला, गायला लागले, आणि स्वतःचा आवाज मागून येतोय म्हणून थांबले. "माझोच आवाज माझ्या मागसून येता." हा उशीर म्हणजे लेटन्सी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून आली की मासळी एकेक करून कोणी नेत नाही, टोपली भरली की उचलायची. कॉम्प्युटर पण सॅम्पल एकेक करून नाही, टोपलीने नेतो, त्या टोपलीचा आकार म्हणजे बफर साइझ. २५६ सॅम्पलची टोपली ४४,१०० च्या रेटला भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात, १०२४ ची भरायला २३. आणि आवाज आत येताना एक टोपली, बाहेर जाताना दुसरी, म्हणजे उशीर दुप्पट, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा. टोपली लहान केली तर उशीर कमी होतो पण प्रोसेसरला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, नाही जमलं की आवाजात टकटक, फुटफुट येते, तिला ड्रॉपआउट म्हणतात.

किती उशीर चालतो? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे बुवांपासून सात फुटांवर बसलेल्या पखवाजवाल्याला बुवांचा आवाज तसाही ६ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो, आणि त्याला तो कधी जाणवत नाही. म्हणून पाच-दहा मिलिसेकंदाची धास्ती घेऊ नका, वीसच्या पुढे गायला त्रास व्हायला लागतो. माझी पद्धत अशी, रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६, नंतर मिक्सिंग करताना १०२४, कारण तेव्हा कोणी गात नसतं. विंडोजवर असाल तर ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटर आणि इंटरफेसमधला दुभाषा प्रोग्रॅम) जागी आसिओ (ASIO) निवडा, स्टाइनबर्ग कंपनीने बनवलेला हा रस्ता विंडोजच्या नेहमीच्या ऑडिओ यंत्रणेला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलतो आणि उशीर खूप कमी होतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असेल तर अजून सोपं, आवाज कॉम्प्युटरला फेरी न मारता सरळ हेडफोनमध्ये जातो. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगच्या वेळी अजिबात नकोत, त्यांचा उशीर अनेकदा शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो, वायरवालाच घ्या.

मिडी हा शब्द आला की लोक विचारतात, मिडी फाइल मला पाठव, ऐकतो. पण मिडीमध्ये आवाज नसतोच! बुवांच्या वहीत अभंग लिहिलेला असतो, वही कानाला लावून काही ऐकू येतं का? मिडी म्हणजे तशी वही, कुठली पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली, एवढंच लिहिलेलं असतं. वाजवणारं वाद्य वेगळं. तीच मिडी फाइल पेटीच्या आवाजात वाजवा, नाहीतर बासरीच्या. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत नॅम या वाद्यविक्रेत्यांच्या संघटनेच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले, एकावर वाजवलं की दुसरा पण वाजायला लागला, तिथून हे सुरू झालं. त्यामागची माणसं अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी, २०१३ साली त्या दोघांना यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळाला. चाळीस वर्षांपूर्वीची ही भाषा आजचे कीबोर्ड अजून बोलतात, मला याचं खरंच कौतुक वाटतं, एवढी टिकलेली दुसरी गोष्ट कॉम्प्युटरच्या जगात शोधायला लागेल.

मिडीत पट्ट्यांना ० ते १२७ असे नंबर असतात. मधला सी ६० नंबर, तो आपल्या भाषेत पांढरी एक, आणि त्याच्या शेजारची काळी एक ६१. पट्टी किती वेगाने दाबली याला व्हेलॉसिटी म्हणतात, तीही १२७ पर्यंत. पेटीवाल्यांनी इथे एक लक्षात घ्या, पेटीचा जोर पट्टीवर नसतो, भात्यावर असतो, म्हणून मिडी कीबोर्डवर पेटीचा आवाज वाजवताना ती खोटी वाटते, भात्याचं काम वेगळ्या कंट्रोलवर द्यावं लागतं, एक्सप्रेशन नावाचा, त्याचा नंबर ११. मींड घ्यायची तर पिच बेंड नावाचं चाक, खुद्द पेटीत मींड निघत नाही पण मिडीवर बासरी किंवा सारंगी वाजवायची तर त्या चाकाशिवाय गत्यंतर नाही.

क्वांटाइझ म्हणजे थोडं पुढेमागे वाजलेले ठोके कॉम्प्युटरने ओळीत, चौकटीवर नेऊन बसवणं. बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. माझं मत ऐकाल तर भजनाला क्वांटाइझ लावू नका आणि क्लिक (कानात एकसारखा वाजणारा टकटक ठेका) लावून गायला सांगू नका. आपलं भजन एका लयीत राहतच नाही, रूपावली संथ, अभंग थोडा पुढे, आणि गजर तर चढतच जातो, बुवा मान वळवून पखवाजाकडे बघतात आणि लय सुटते ती खरी मजा. ते १२० च्या चौकटीत कोंबलं तर भजनात जीव राहत नाही. जाखडीच्या (आपल्या कोकणातल्या लोकनृत्याच्या) गाण्याला नवीन म्युझिक ट्रॅक बनवत असाल, कॉम्प्युटरवरच, तर तिथे क्वांटाइझ कामाला येतो, पण तिथेही पन्नास-साठ टक्केच लावा.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं त्याला डॉ (DAW) म्हणतात, डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन. फुकटात सुरुवात करायची तर ऑडॅसिटी आहे, २००० सालापासून चालत आलेलं, रेकॉर्ड करायला आणि कापाकापीला उत्तम. अनेक माइकचं मिक्सिंग करायचं तर रीपर बघा, ६० दिवस वापरून बघता येतं, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. ॲपलवाल्यांकडे गॅरेजबँड असतंच. डॉमध्ये बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमना प्लगइन म्हणतात. व्हीएसटी हे त्यांचं सगळ्यात जास्त चालणारं रूप, १९९६ चं, तेही स्टाइनबर्गचंच. काही प्लगइन वाद्य असतात, ती मिडी वाचून आवाज काढतात, काही इफेक्ट असतात, ती आलेला आवाज बदलतात. मिडी ट्रॅकवर नुसता इफेक्ट टाकला आणि आवाज येत नाही म्हणून अडलात तर कारण हेच. बस नावाचा शब्दही दिसेल, ती अगदी एसटीसारखीच समजा, कोरसचे चार ट्रॅक एका बसमध्ये बसवायचे, मग चौघांचा आवाज एका फेडरने (सरकवायच्या बटणाने) वरखाली होतो.

इफेक्टमधले तीनच शब्द आधी पुरेत. ईक्यू म्हणजे खालचे, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अर्थिंग धड नसलं की तोच ५० चा हूंऽऽ आणि त्याच्या वर १०० चा रेकॉर्डिंगमध्ये घुसतो. बुवांच्या आवाजावर ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा हायपास फिल्टर लावला तर ५० वाला बराच जातो, १०० चा उरलाच तर तिथे अगदी अरुंद पट्टा खाली ओढायचा. पत्र्यावरच्या पावसावर मात्र ईक्यू चालत नाही, पाऊस खालपासून वरपर्यंत सगळ्याच सुरांत पसरलेला असतो, त्याला एकच उपाय, कौलाच्या किंवा स्लॅबच्या खोलीत बसणं आणि भिंतीला वाकळी टांगणं. वाकळीने पाऊस थांबत नाही, पण खोलीतला घुमारा मरतो आणि माइक जवळ घेता येतो.

रिव्हर्ब म्हणजे तो घुमारा, नंतर हवा तेवढा घातलेला. देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवून बघा, मागे जे रेंगाळतं ते. नवीन माणूस रिव्हर्ब नेहमी जास्त घालतो, आवाज देवाच्या दारात गेल्यासारखा वाटतो म्हणून, पण अभंगाचे शब्द पुसले जातात. शब्द कळायलाच हवेत. घाला, आवडेल तिथे थांबा, आणि मग तिथून निम्मा करा.

कंप्रेसर म्हणजे आवाज एका रेषेच्या वर गेला की त्याला दाबणारा. रेषा म्हणजे थ्रेशोल्ड, किती दाबायचं ते रेशो, ४:१ म्हणजे रेषेच्या वर ४ डीबी गेला तर बाहेर १ च डीबी वर येईल. किती लवकर दाबायला लागायचं तो अटॅक, किती वेळाने सोडायचं तो रिलीज. पखवाजावर अटॅक फार जलद ठेवलात तर थापेचं तोंडच दबतं आणि पखवाज पुठ्ठ्यासारखा वाजतो, २०-३० मिलिसेकंद ठेवून बघा.

आणि इथे दुसरा मोठा घोळ. हे कंप्रेस करणं वेगळं आणि फाइल कंप्रेस करणं वेगळं. पहिल्यात आवाजातला चढउतार कमी होतो, फाइलचा आकार तोच राहतो. दुसऱ्यात फाइल लहान होते. वेव फाइल म्हणजे मोजलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा, सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट, मिनिटाला दहा एमबीच्या वर. फ्लॅक म्हणजे तेच आकडे काहीही न गमावता घडी घालून ठेवलेले, उघडले की पूर्ण परत. एमपीथ्री मात्र काही भाग कायमचा टाकून देतो. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, या गोष्टीचा फायदा घेऊन तो बारीक भाग काढून टाकायचा अशी ती युक्ती, जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत यावर मोठं काम झालं, आणि एमपीथ्री हे नाव १९९५ सालचं. १२८ किलोबिटला मिनिटाला एक एमबीच्या आत, ३२० ला साधारण अडीच. या आकड्याला बिटरेट म्हणतात, बिट डेप्थ नव्हे. १२८ वर पहिल्यांदा काय बिघडतं तर झांजा, त्यांचा किणकिणाट चुळकाभर पाणी खळखळवल्यासारखा होतो, ऐकून बघा एकदा, मग विसरणार नाही. एमपीथ्री उघडून कापाकापी करून परत एमपीथ्री करू नका, प्रत्येक वेळी अजून थोडं जातं.

मिक्सिंग म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांत बसवणं, मास्टरिंग म्हणजे तयार झालेल्या एका फाइलवर शेवटचा हात. त्यात लफ्स (LUFS) हा शब्द येतो. मीटरचे माथे एक सांगतात आणि कानाला किती मोठं वाटतं ते दुसरं, लफ्स हे कानाच्या बाजूचं माप, २००६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेलं. यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या आसपास आवाज आणतात, म्हणजे तुम्ही ओरडून ओरडून उणे ७ वर नेलंत तरी ते परत खालीच ओढणार, वर तुमचा गजर चपटा झालेला तो झालाच. उणे १४ ते उणे १६ वर ठेवा, सगळ्यात वरचा माथा उणे १ वर.

आता एक्स्पोर्ट, काहीजण बाउन्स किंवा रेंडर म्हणतात, तिन्ही एकच. दोन फाइली काढा. एक २४ बिट वेव, ही घरात ठेवायची, दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. दुसरी ३२० ची एमपीथ्री, मंडळाच्या ग्रुपवर टाकायला, आणि ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे आहे तशी जाते. फाइलच्या नावात तारीख, वाडी, अभंगाची पहिली ओळ आणि बुवांचा सूर लिहा, काळी एक की काळी दोन, म्हणजे कोरसमध्ये नवीन आलेल्या पोराला पुढच्या चतुर्थीआधी घरी पेटी काढून त्याच सुरात म्हणून बघता येईल.